स्टोर, स्टोर्ट, स्टोरे : प्रस्तावना

कोपनहेगनला राहायला आलेला माणूस भाषेचा वर्ग लावण्याआधीच थोडीफार डॅनिश बोलू लागतो. सकाळी लिफ्टमध्ये 'गोद मॉर्गन', संध्याकाळी 'गोद आफ्तन', शुक्रवारी ऑफिसातून निघताना 'गोद वीकेंड'. यातला 'गोद' म्हणजे चांगला. घाईत बोलताना त्याचा नुसता 'गो' होतो. पण 31 डिसेंबरच्या रात्री फटाक्यांच्या आवाजात सगळे एकमेकांना म्हणतात, 'गॉट न्यूटॉर'. 'गोद'चं 'गॉट' झालेलं असतं. का झालं, हे त्या गडबडीत कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. सकाळ, संध्याकाळ आणि वीकेंड हे शब्द डॅनिशमध्ये एका लिंगाचे, नवं वर्ष दुसऱ्या लिंगाचं. विशेषणाने नामाचं लिंग उचललं, एवढंच घडलं. 'चांगली सकाळ' आणि 'चांगलं वर्ष' म्हणत वाढलेल्या माणसाला यात नवं काहीच नाही. ते नवं वाटतं, कारण डॅनिशकडे तो इंग्रजीतून येतो.

हे पुस्तक लिहिण्याचं खरं कारण हेच. डेन्मार्कमध्ये नोकरीसाठी, शिक्षणासाठी किंवा जोडीदाराबरोबर आलेले मराठी लोक भाषाशाळेत जातात, तेव्हा तिथलं शिक्षण डॅनिशमधून चालतं आणि अडलं की इंग्रजीतून समजावलं जातं. इंग्रजीत विशेषण कधी हलत नाही. घर मोठं असो, गाडी मोठी असो, की दहा गाड्या मोठ्या असोत, शब्द तोच. आपण मात्र जन्मापासून मोठा, मोठी, मोठं, मोठे, मोठ्या असं करत आलेलो असतो, तेही विचार न करता. इंग्रजीच्या आधाराने डॅनिश शिकताना ही सवय आपण दाराबाहेर काढून ठेवतो आणि मग नियम म्हणून तीच पुन्हा घोकायला बसतो. यात वेळ जातो आणि आत्मविश्वासही जातो. माझं म्हणणं असं, की विशेषणापुरती तरी इंग्रजी बाजूला ठेवावी आणि मराठीवरून थेट डॅनिशकडे जावं. वाट जवळची आहे.

आधी देवनागरीबद्दल. डॅनिश लिहिली जाते एक आणि बोलली जाते भलतीच, असं तिथले शेजारी स्वीडिश आणि नॉर्वेजियन लोकही म्हणतात. या पुस्तकातली देवनागरी रूपं वाचकाला उच्चाराच्या आसपास नेऊन सोडण्यापुरती आहेत. शब्दाच्या शेवटचा 'ए' उच्चारात अगदी पुसट असतो, पण व्याकरण त्याच्यावरच उभं असल्यामुळे तो मी ठळक लिहिला आहे. स्वरानंतर येणारा मऊ 'द' आपल्या 'द'सारखा नसतो. जीभ खालच्या दातांपाशी सैल राहते आणि नवख्या कानाला कधी 'ध', कधी 'ल' ऐकू येतो. तो कागदावरून शिकता येणार नाही, ऐकूनच शिकावा.

आता लिंगाविषयी. मराठीत तीन लिंगं, डॅनिशमध्ये दोन. जुन्या भाषेत तिथेही तीन होती. पुल्लिंग आणि स्त्रीलिंग कालांतराने एकमेकांत मिसळून एक सामाईक लिंग झालं, नपुंसकलिंग वेगळं उरलं. बॉर्नहोल्म बेटाच्या बोलीत तिन्ही लिंगं टिकून राहिली आणि पश्चिम युटलंडच्या बोलीत दोनांचाही भेद जवळपास मावळला, म्हणजे एवढ्याशा देशातही हा हिशेब सगळीकडे सारखा नाही. प्रमाणभाषेत सामाईक लिंगाच्या नामाआधी 'एन' येतं, नपुंसकलिंगी नामाआधी 'एट'. नामांचा सुमारे पाऊण हिस्सा 'एन'वाला. त्यामुळे अडलं तर 'एन' म्हणावं, असा सल्ला बरेच जण देतात. मी देणार नाही. कारण उरलेल्या पाव हिश्शात घर, मूल, नाव, वर्ष, पाणी, टेबल, पत्र असे रोज तोंडात येणारे शब्द आहेत.

ही यादी पुन्हा वाचून पाहा. घर, मूल, नाव, वर्ष, पाणी, टेबल, पत्र. मराठीतही सगळी नपुंसकलिंगी. त्यात झाड, जनावर, अंडं, सफरचंद आणि जहाज घाला, तीही दोन्हीकडे नपुंसकलिंगी. हा योगायोग आहे, नियम नाही. पुस्तक, फूल, दूध आणि शहर आपल्याकडे नपुंसकलिंगी, पण डॅनिशमध्ये ती 'एन'च्या घरात जातात. तेव्हा मराठी लिंगावरून डॅनिश लिंग काढायला जाऊ नये. पण सुरुवातीचे दहा-पंधरा शब्द लक्षात ठेवायला या योगायोगाचा आधार घ्यायला काहीच हरकत नाही. 'एट बार्न' म्हणजे मूल, आणि 'ते मूल' म्हणणाऱ्याला तिथे का, कसं असे प्रश्न पडत नाहीत.

विशेषणाची तीन रूपं आहेत आणि ती या पुस्तकाच्या शीर्षकातच दिली आहेत. एन स्टोर बील, एक मोठी गाडी. एट स्टोर्ट हूस, एक मोठं घर. स्टोरे हूसे, मोठी घरं. सामाईक लिंगाला मूळ रूप, नपुंसकलिंगाला शेवटी 'ट', अनेकवचनाला शेवटी 'ए'. अनेकवचनात लिंग पाहायचंच नाही. मोठे दरवाजे, मोठ्या खिडक्या, मोठी टेबलं अशी तीन रूपं आपण सांभाळतो, तिथे डॅनिश एका 'ए'वर काम भागवते.

विशेषण नामाच्या आधी न येता नंतर, 'आहे'च्या जोडीने आलं तरीही ते बदलतं. बीलन एर स्टोर, गाडी मोठी आहे. हूसेट एर स्टोर्ट, घर मोठं आहे. हूसेने एर स्टोरे, घरं मोठी आहेत. जर्मन शिकून डॅनिशकडे आलेला विद्यार्थी इथे हमखास अडखळतो, कारण जर्मनमध्ये या जागी विशेषणाला प्रत्यय लागत नाही. मराठी विद्यार्थ्याला मुद्दाम काही करावं लागत नाही. घर 'मोठा आहे' असं आपल्याकडे लहान मूलही म्हणत नाही.

इथपर्यंत सोपं. खरी अडचण पुढे आहे, आणि पुस्तकाचा सर्वात मोठा भाग मी तिलाच दिला आहे.

डॅनिशमध्ये 'ते ठरावीक घर' असं म्हणायचं तर खूण नामाच्या शेवटी लागते. हूस म्हणजे घर, हूसेट म्हणजे ते आपल्या बोलण्यातलं घर. बील, बीलन. मराठीत अशी खूण नाही. 'घर मोठं आहे' या वाक्यातलं घर कोणतं हे आपण संदर्भावरून ओळखतो, त्यासाठी शब्दाला काही जोडत नाही. म्हणून मराठी माणसाचं अडतं ते प्रत्ययांपाशी नाही, या ठरावीकपणापाशी अडतं. त्यात विशेषण मध्ये आलं की ती खूण नामावरून सुटते आणि पुढे जाऊन वेगळा शब्द होते. हूसेट होतं, त्याचं झालं डे स्टोरे हूस. बीलनचं झालं डेन स्टोरे बील. अनेकवचनी हूसेनेचं झालं डी स्टोरे हूसे. नॉर्वेजियन आणि स्वीडिशमध्ये खूण साधारणपणे दोन्हीकडे लावतात, पुढे शब्द आणि मागे प्रत्यय. डॅनिश एकदाच लावते. नॉर्वेजियन मित्रांत वावरणाऱ्या माणसाने हा फरक मनात पक्का करून ठेवावा.

आता या तिन्ही उदाहरणांत विशेषणाचं काय झालं ते पाहा. स्टोरे, स्टोरे, स्टोरे. लिंग कोणतंही असो, वचन कोणतंही असो, शेवटी 'ए'. ठरावीकपणाची खूण लागली, की विशेषण लिंगभेद विसरतं. विद्यार्थ्यांना हे पहिल्यांदा विचित्र वाटतं. पण चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं घर म्हणणारे आपण विभक्तीचा प्रत्यय आला की काय करतो? चांगल्या मुलाला, चांगल्या मुलीला, चांगल्या घराला, चांगल्या मुलांना. सगळीकडे 'चांगल्या'. लिंगांचा सारा फरक एका रूपात मिटतो. मराठीत ही वेळ विभक्तीने येते, डॅनिशमध्ये ठरावीकपणाने येते. कारण वेगळं, पण विशेषणाची वागणूक एकच. मोठ्या अपेक्षेने मी हे साम्य या पुस्तकात वारंवार वापरलं आहे, कारण 'डेनच्या मागे नेहमी ए' असा नियम पाठ केलेला माणूस तो वर्षभर विसरत राहतो, आणि 'चांगल्या'ची सवय ज्याने मनात जागी केली त्याच्या तोंडी तो लवकर बसतो.

एक सावधगिरी मात्र हवी. हा 'ए' फक्त नामाच्या आधी येणाऱ्या विशेषणाला लागतो. 'ते घर मोठं आहे' म्हणताना घर ठरावीकच असतं, तरी वाक्य हूसेट एर स्टोर्ट असंच होतं, स्टोरे होत नाही. परीक्षेत सर्वांत जास्त गुण इथे जातात, म्हणून तिसऱ्या प्रकरणातले सराव जरा कंटाळा येईल इतके लांबवले आहेत.

या नियमाचा उत्तम तक्ता डेन्मार्कमध्ये घरोघरी असतो. तो म्हणजे हान्स क्रिस्टियन अँडरसनच्या गोष्टींच्या पुस्तकाची अनुक्रमणिका. डेन ग्रिमे एलिंग, कुरूप बदकाचं पिल्लू, 1843 ची गोष्ट. डेन लिले हावफ्रूए, छोटी जलपरी, 1837 ची. डी विले स्वानर, रानहंस. डी रोदे स्को, लाल बूट. डे गामले हूस, जुनं घर. डेन, डे आणि डी तिन्ही आले आणि प्रत्येकामागे 'ए'ने संपणारं विशेषण आलं. मग कायसरन्स न्यूए क्लेअर, राजाचे नवे कपडे. इथे डेन नाही, डी नाही, तरी 'न्यू'चं 'न्यूए' झालं, कारण कपडे कोणाचे ते आधीच सांगितलं. षष्ठी आली की ठरावीकपणा आपोआप येतो. माझं, तुझं, तिचं यांनीही हेच होतं: मिट स्टोरे हूस, माझं मोठं घर. एकदा ही शीर्षकं पाठ झाली, की नवं नाम आणि नवं विशेषण त्याच साच्यात घालायचं. लहानपणी मराठीत ऐकलेल्या या गोष्टी मूळ नावानिशी वाचण्याचा आनंद वेगळा मिळतो, तो मला अजूनही मिळतो.

पुस्तक हातात नसेल तर शहरं आहेतच. ऑर्हूसमधल्या जुन्या घरांच्या संग्रहालयाचं नाव डेन गामले ब्यू, जुनं गाव. कोपनहेगनजवळच्या मत्स्यालयाचं नाव डेन ब्लॉ प्लानेट, निळा ग्रह. इथे वाचकाने थांबून विचारावं, की 'ब्लॉ'ला 'ए' का नाही? कारण ब्लॉ आणि ग्रॉ, म्हणजे निळा आणि करडा, 'ए' घेत नाहीत. नपुंसकलिंगात 'ट' मात्र घेतात, एट ब्लॉट हूस. कोपनहेगनहून रेल्वेने ऑर्हूसला निघालं, तर वाटेत दोन सामुद्रधुन्या ओलांडाव्या लागतात, स्टोरेबेल्ट आणि लिलेबेल्ट, म्हणजे मोठी आणि लहान. स्टोरेबेल्टवरचा 1998 मध्ये खुला झालेला रस्त्याचा झुलता पूल मधल्या कमानीत 1624 मीटर आहे. त्याच्या नावात शिकवणीच्या पहिल्या आठवड्यातलं विशेषण जडवलेलं आहे, हे मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला आवर्जून सांगतो.

'लिले'ची गोष्ट निराळी. लहान या अर्थाचा हा शब्द एकवचनात दोन्ही लिंगांना आणि ठरावीकपणातही जसाच्या तसा राहतो. अनेकवचनात मात्र तो पूर्ण बदलून 'स्मॉ' होतो. एट लिले बार्न, एक लहान मूल. स्मॉ बर्न, लहान मुलं. रोज लागणारा शब्द असल्यामुळे तो अपवादांच्या यादीत मागे न टाकता मी दुसऱ्याच प्रकरणात घेतला आहे.

बाकीच्या अपवादांवर फार वेळ घालवू नये. 'स्क'ने संपणारी देशवाचक विशेषणं 'ट' घेत नाहीत, म्हणून एट डॅन्स्क बार्न. 'ग्लाद', म्हणजे आनंदी, यालाही 'ट' लागत नाही. जांभळा या अर्थाचा 'लिला' कशानेच बदलत नाही. आपल्याकडे तरी काळा, काळी, काळं होतं आणि लाल मात्र लालच राहतो, त्याचं कारण कोण विचारतं? काही शब्दांत 'ए' लागताना मधला स्वर गळतो, गामेलचं गामले होतं. काहींत शेवटचं व्यंजन लिहिताना दुप्पट होतं, जसं ग्रिमे या शब्दात 'म' दोनदा लिहितात. हे सारं पाचव्या प्रकरणात एकत्र आहे. लागेल तेव्हा उघडून पाहण्यासाठी ते आहे, सलग पाठ करण्यासाठी नाही.

सहाव्या प्रकरणाबद्दल मात्र मला थोडं सविस्तर लिहायचं आहे. डॅनिशमध्ये मासा सामाईक लिंगाचा. म्हणून एखाद्या माशाबद्दल बोलताना 'फिस्कन एर सोन' म्हणतात, हा मासा धडधाकट आहे. पण मासे तब्येतीला चांगले असतात असं सर्वसाधारण म्हणायचं झालं, तर वाक्य होतं 'फिस्क एर सोंट'. नाम सामाईक आणि विशेषण नपुंसकलिंगी. पुस्तकी नियमाप्रमाणे हे चुकीचं दिसतं, प्रत्यक्षात रोज बोललं जातं. याचं मर्म मराठीत लगेच कळतं. आपण म्हणतो, 'मासे खाणं चांगलं.' मासे पुल्लिंगी, पण 'खाणं' नपुंसकलिंगी, म्हणून चांगलं. डॅनिश वाक्यात 'खाणं' बोललं जात नाही, पण मनात असतं आणि विशेषण त्याच्याशी जुळतं.

हाच नपुंसकलिंगी 'ट' क्रियाविशेषणाचंही काम करतो. हुन स्यूंगर गॉट, ती चांगलं गाते. गाणारी स्त्री असली तरी मराठीतही आपण 'चांगलं गाते' म्हणतो, 'चांगली गाते' हा वेगळा सूर. कोणी विचारलं, कसं काय चाललंय, तर उत्तर येतं 'यै हार डे गॉट', माझं बरं चाललंय. गॉट आणि बरं, दोन्ही नपुंसकलिंगी. माणसाच्या प्रकृतीविषयी, वागण्याविषयी, गाण्याविषयी बोलताना दोन्ही भाषा नपुंसकलिंगाचा आधार घेतात, हे एकदा ध्यानात आलं की नियमाचं वेगळं ओझं वाटत नाही.

उच्चारात 'ट' नुसता जोडला जात नाही, तो आधीचा स्वरही बदलतो. 'गोद'मध्ये स्वर लांब, शेवटी मऊ द. 'गॉट'मध्ये स्वर आखूड आणि तोंड जरा जास्त उघडं. लिहिताना 'द' तसाच असतो, बोलताना तो गळून 'ट' उरतो. पांढरा या अर्थाच्या 'वीद'चं 'विट' होतं तेही असंच. लिखित रूपावरून उच्चार करणारा माणूस दोन्ही व्यंजनं स्पष्ट म्हणू लागतो, आणि समोरच्या डॅनिश माणसाला शब्द कळत नाही. म्हणून या जोड्या प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी वेगळ्या दिल्या आहेत.

डॅनिश व्याकरण परक्यांना समजावून सांगणाऱ्या जुन्या अभ्यासकांपैकी एकाचं नाव इथे घ्यायलाच हवं. रासमुस रास्क (1787 ते 1832), तौलनिक भाषाशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक. 1816 साली तो डेन्मार्कहून निघाला आणि रशिया, इराण असा प्रवास करत 1820 मध्ये मुंबईला पोचला. तिथे त्याने पारशी धर्मग्रंथांची हस्तलिखितं मिळवली. ती आज कोपनहेगनच्या राजेशाही ग्रंथालयात आहेत. 1823 मध्ये तो परतला आणि 1830 साली इंग्रजांसाठी डॅनिशचं व्याकरण प्रसिद्ध केलं. त्याच ग्रंथालयाच्या 1999 मध्ये उघडलेल्या काळ्या ग्रॅनाइटच्या इमारतीला लोक डेन सोर्टे डियामँट म्हणतात, काळा हिरा. 'सोर्ट'च्या शेवटी मुळातच 'ट' असल्यामुळे नपुंसकलिंगात त्याला दुसरा 'ट' लागत नाही. ग्रंथालय पाहायला जाणाऱ्याने हस्तलिखितांबरोबर एवढंही घेऊन यावं.

पुस्तक कसं वापरावं, याबद्दल एकच आग्रह. विशेषण सुटं पाठ करू नये. वहीत 'रोद म्हणजे लाल' असं लिहिलं, तर ते काहीच कामाचं नाही. एन रोद बील, एट रोट हूस, डी रोदे स्को असं लिहावं आणि मोठ्याने म्हणावं. नामासोबत 'एन' की 'एट' हे पहिल्या दिवशीच पक्कं केलं नाही, तर विशेषणाचा कितीही अभ्यास केला तरी तो टिकत नाही, कारण विशेषणाला विचारायचं असतं नामालाच.

तुलनेची रूपं, म्हणजे अधिक मोठा, सर्वांत मोठा, या भागात घेतलेली नाहीत. त्यांत एक सोय आहे. 'स्टरे', म्हणजे अधिक मोठं, हे रूप लिंग-वचनाने अजिबात बदलत नाही, म्हणून ती शिकायला फारशी कठीण नाहीत. 'आयन', म्हणजे स्वतःचा, हा शब्दही पुढे ठेवला आहे. माझं, तुझं यांच्यामागे 'ए' यायला हवा, पण इथे मिट आयेट हूस असं 'ट'वालं रूप येतं, आणि आधीचा नियम ताजा असताना हा अपवाद समोर आला तर गोंधळ होतो. दोन्ही गोष्टी दुसऱ्या भागात येतील. तोवर पहिली तीन प्रकरणं तोंडात बसलेली असावीत, एवढी अपेक्षा आहे.